गावच्या पाण्याची राखण

आमच्या वाचकांपैकी पुष्कळांचे पुण्याच्या मार्केट यार्डाशी काही ना काही नाते आहे. कोणी मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या घेऊन रात्रीच्या टेंपोने गुलटेकडीस येतात, कोणी कांद्याच्या गोणी अडत्याच्या गाळ्यापुढे उतरवितात, आणि कोणी गाव सोडून तेथेच पाठीवर ओझी वाहतात. गतवर्षी उन्हाळ्यात अशाच एका हमालबंधूंस भेटावयास आम्ही पहाटे तेथे गेलो होतो. हे गृहस्थ जालना जिल्ह्यातले. गाड्या रिकाम्या होऊन थोडी उसंत मिळाली, तेव्हा रिकाम्या गोणपाटावर बसून त्यांनी आपले दुःख सांगितले. त्यांच्या लहान नातीस जुलाब होऊन तालुक्याच्या दवाखान्यात बाटल्या लावाव्या लागल्या होत्या, व आठवड्याची सारी कमाई तिकडे पाठवावी लागली होती. वस्तीवरचा हापसा दोन उन्हाळे बंद; म्हणून बायका शेतातल्या उघड्या विहिरीचे पाणी आणीत.

ते म्हणाले, "पाळकसाहेब, अर्ज दिले, सह्या दिल्या, फोटोसुद्धा काढून नेले. पाणी काही आलं नाही."

आम्ही विचारले, "हापशाचे काय बिघडले आहे?"

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "ते आपल्याला काय ठाऊक? आपण नुसता दांडा मारायचा."

दिवाळीनंतर त्यांची पुन्हा गाठ पडली, तेव्हा हकिकत समजली. शेवटी एकदाचा कारागीर आला, त्याने नळ वर काढले, आणि आतला चामड्याचा वायसर झिजलेला सापडला. तो बदलला, दुपारच्या आत पाणी सुरू झाले. वायसराची किंमत चार पेले चहाहून फारशी अधिक नव्हती. दोन वर्षे ज्यापायी गेली, तो हा एवढासा चामड्याचा तुकडा! आजच्या पाठाचा विषय तोच आहे. गावास पाणी मिळणे ही एक गोष्ट, आणि मिळालेले पाणी टिकणे ही दुसरी. पहिली गोष्ट पैशाने व यंत्राने होते. दुसरी मात्र गावात कोणीतरी शिकलेला असल्यावाचून होत नाही.

जालन्याचे नाव निघाले म्हणून एक जुना इतिहास सांगतो. आमच्या मंडळ्यांतील तरुणांस तो बहुधा ठाऊक नसेल. १९६६-६७ च्या दुष्काळाच्या सुमारास दख्खनच्या काळ्या पाषाणात हवेच्या दाबाने चालणाऱ्या यंत्रांनी विंधन विहिरी पाडण्यास जोराने आरंभ झाला. ह्या कामी सरकार होते, युनिसेफ होती, आणि मिशनेही होती. पाणी लागे, त्यावर बिडाचा हातपंप बसवीत, फीत कापीत, आणि मंडळी निघून जात. हे पंप मूळचे युरोप-अमेरिकेतील शेतकऱ्याच्या अंगणात एका कुटुंबापुरते वापरावयाचे. आमच्याकडे एकेका पंपावर पहाटेपासून रात्रीपर्यंत सारे गाव तुटून पडे. बिडाचा दांडा तडकला, खीळ झिजली, की पंप बंद. १९७४ च्या सुमारास युनिसेफने पाहणी केली, तेव्हा बसविलेल्या पंपांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश बंद पडलेले आढळले. विहिरीत पाणी होते, पण वर काढावयाची सोय मोडलेली.

ह्यावर तोड निघाली ती आपल्याच मुलखात. जालन्यास स्कॉटलंडच्या चर्चच्या मिशनने पोलादाचा मजबूत पंप तयार केला. तो 'जालना पंप' म्हणून ओळखला जाई. सोलापुरास त्यात आणखी सुधारणा झाली. दांड्यास एकच आस, पुढे अर्धगोल तुकडा, आणि त्यावरून साखळी. त्यामुळे आतली कांब वाकडीतिकडी न ओढली जाता सरळ वर-खाली होते. ह्याच 'सोलापूर पंपा'वरून पुढे सरकार व युनिसेफ ह्यांनी मिळून 'इंडिया मार्क दोन' नावाचा हापसा सिद्ध केला, व १९७० च्या दशकाच्या अखेरीस तो मोठ्या प्रमाणावर तयार होऊ लागला. पुढे लक्षावधी हापसे निघाले, आणि आफ्रिकेतील खेड्यांतही गेले. जालना-सोलापूरच्या कर्मशाळेतील कल्पना इतक्या दूर पोचावी, ह्याचा आम्हांस अभिमान वाटतो, आणि तो लपविण्याचे कारण दिसत नाही.

परंतु पुढे जे घडले ते अभिमानाहून महत्त्वाचे आहे. हापसा मजबूत झाला तरी वायसर झिजावयाचाच. आतील रचना पिचकारीसारखी असते. खाली नळकांड्यात दट्ट्या, त्याच्या भोवती चामड्याचे वाटीसारखे वायसर, आणि तळाशी पाणी परत जाऊ न देणारी झडप. वाळूचे कण घासून वायसर झिजले की पाणी बाजूने खाली गळते. मार्क दोन पंपात हा वायसर बदलावयाचा तर बोअरमधील सर्व लोखंडी नळ एकेक करून वर काढावे लागतात. त्यास खास हत्यारे, चार-पाच माणसे आणि बहुधा तालुक्याची गाडी हवी. तेव्हा गावाने करावे तरी काय? दांडा मारावा, आणि तो चालेनासा झाला की अर्ज करावा. आमच्या हमालबंधूंस दोष देण्यात अर्थ नाही, तो ह्यामुळेच. यंत्रच असे होते की गावकऱ्यास त्यात शिकण्याजोगे फार थोडे ठेविले होते.

ही उणीव ओळखून १९८० नंतरच्या दशकात तमिळनाडूत कोइमतूरच्या परिसरात नवे प्रयोग झाले, आणि 'मार्क तीन' हापसा निघाला. त्यात वरचा नळ रुंद केला आहे. त्यामुळे नळ न काढता दट्ट्या तेवढा आतून वर ओढून घेता येतो, आणि चामड्याऐवजी रबराचा वायसर बसतो. गावातील दोन माणसे, आणि शिकविल्यास दोन स्त्रियाही, थोड्या हत्यारांनिशी हे काम करितात. यंत्रशास्त्रज्ञांनी येथे जी नम्रता दाखविली ती आम्हांस फार मोलाची वाटते. गावकऱ्यास यंत्राजोगा करण्याची वाट न पाहता त्यांनी यंत्र गावकऱ्याजोगे केले.

तथापि ज्या गावी जुना हापसा आहे तेथेही शिकावयाचे पुष्कळ आहे. दांडा नेहमीपेक्षा हलका लागून पाणी कमी येऊ लागले, तर वायसर झिजला असे समजावे. सकाळी पहिले पाणी येण्यास फार वेळ दांडा मारावा लागला, तर रात्रीतून पाणी खाली उतरले. म्हणजे तळची झडप किंवा एखादा नळ गळतो. दांडा आडवा हलू लागला, तर आसाचे बेअरिंग गेले. साखळीस वंगण घालावे, सैल नट-बोल्ट आवळावे, ओट्यास चीर पडली तर सिमेंटने बुजवावी. कारण त्या चिरेतून धुण्याचे व गुरांचे घाण पाणी थेट बोअरच्या कडेने खाली जाते. सांडपाण्यास गटार करून ते शोषखड्ड्यात किंवा केळीच्या आळ्यात सोडावे. एवढे जाणणारा एक माणूस वस्तीवर असता, तर अर्जात 'हापसा बंद आहे' एवढेच न लिहिता 'वायसर बदलणे आहे' असे लिहिता आले असते. अशा अर्जास कचेरीत उत्तर देणे भाग पडते, हा आमचा अनुभव आहे.

उत्पत्तीच्या २६ व्या अध्यायात इसहाकाची गोष्ट आहे. बापाच्या वेळच्या विहिरी पलिष्ट्यांनी मातीने बुजविल्या होत्या. त्याने त्या पुन्हा उकरल्या. अब्राहामाच्या विहिरींवर आम्ही पुष्कळ प्रवचने ऐकली आहेत, पण पुन्हा उकरणाऱ्या मुलाविषयी फारच थोडी.

कोणी म्हणेल, ही सर्व यंत्राची गोष्ट झाली; शिक्षणाने प्रत्यक्ष रोग कोठे हटतो? त्यांस आम्ही नारूची आठवण देतो. साठीच्या पुढील वाचकांनी हा रोग डोळ्यांनी पाहिला असेल. पायावर फोड येई, तो फुटून त्यातून पांढऱ्या दोऱ्यासारखा हात-दोन हात लांब किडा बाहेर पडे. काडीवर गुंडाळीत तो रोज बोटभर काढावा लागे. पेरणीच्या दिवसांत घरातील कर्ता माणूस महिनामहिना अंथरुणास खिळे. हा रोग पायऱ्यांच्या विहिरींतून पसरे. रोगी पाण्यात उतरे, किड्याची पिल्ले पाण्यात सुटत, ती डोळ्यांस जेमतेम दिसणाऱ्या पाणपिसवा गिळीत, आणि त्या पाण्यावाटे माणसाच्या पोटात जात. सुमारे वर्षाने नवा नारू बाहेर पडे.

ह्या रोगावर लस नव्हती, आणि आजही नाही. किडा मारणारे औषध नव्हते. तरी १९८४ साली देशात सुमारे ४०,००० रोगी मोजले गेले होते, आणि त्यांत महाराष्ट्र हे एक रोगग्रस्त राज्य होते. त्याच देशात जुलै १९९६ नंतर एकही नवा रोगी आढळला नाही, आणि फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त असल्याचा दाखला दिला. हे कशाने झाले? हापसे बसले, पायविहिरींच्या पायऱ्या बंद केल्या, पाण्यात पाणपिसवा मारणारे औषध टाकले, हे खरे. पण घरोघर जे घडले ते असे, की कोणीतरी येऊन बाईस दाखविले : पाणी दुहेरी बारीक कापडातून गाळ, आणि पायास फोड असेल तर विहिरीत उतरू नकोस. असे का, हे तिला समजले. तिने ते शेजारणीस सांगितले. इतका मोठा रोग फडक्याने आणि शेजारणीच्या शब्दाने गेला, ही गोष्ट आमच्या शब्बाथशाळांतून मुलांस अवश्य सांगावी.

शेजारणीच्या शब्दाचे सामर्थ्य ज्यांनी ओळखले, त्यांत डॉ. रजनीकांत आरोळे व डॉ. मेबल आरोळे ह्या दांपत्याचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल. वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेल्या ह्या दोघांनी १९७० साली जामखेडास काम आरंभिले. दवाखान्यात बरे होऊन गेलेले मूल घरच्या पाण्याने पुन्हा आजारी पडून येते, तर नुसता दवाखाना वाढवून काय साधणार? म्हणून त्यांनी गावोगावच्या लोकांस आपल्यातील एक स्त्री निवडावयास सांगितले. पुष्कळ जणींस अक्षरओळख नव्हती, आणि कित्येक दलित वस्तीतल्या होत्या. त्या दर आठवड्यास जामखेडास येत, शिकत, एकमेकींचे अनुभव ऐकत, आणि परत जाऊन आपल्या गावास शिकवीत. १९७९ साली ह्या दांपत्यास मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आम्हांस विशेष वाटते ते हे, की जे ज्ञान पूर्वी पांढऱ्या अंगरख्याच्या खिशात असे, ते लुगड्याच्या पदरास बांधले गेले. जुलाब झालेल्या मुलास द्यावयाचे पाणी घ्या : एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवून घोटघोट पाजावे. मीठ ह्याहून अधिक पडू देऊ नये. अंगावरचे दूध बंद करू नये. मूल मलूल झाले, डोळे खोल गेले, किंवा शौचात रक्त दिसले, तर मात्र क्षणभर न थांबता दवाखाना गाठावा. आमच्या हमालबंधूंच्या सुनेस हे कोणी वेळीच सांगितले असते, तर कदाचित बाटल्या लावण्याची पाळी आली नसती.

येथे एक कडू गोष्ट बोलणे प्राप्त आहे. पाणी शुद्ध करण्याआधी आमच्या देशात पाणवठा शुद्ध करावा लागला, आणि तो जंतूंपासून नव्हे. महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. आंबेडकरांनी १९२७ साली सत्याग्रह केला. पुढे पंचेचाळीस वर्षांनी, १९७२ च्या दुष्काळाच्या वेळी, डॉ. बाबा आढाव ह्यांना 'एक गाव, एक पाणवठा' ही चळवळ घेऊन खेडोपाडी हिंडावे लागले, ह्यावरून किती थोडे बदलले होते ते दिसते. हे तेच बाबा आढाव, ज्यांनी पुण्याच्या हमालांची हमाल पंचायत उभी केली. मार्केट यार्डात ओझी वाहणाऱ्यांस त्यांचे नाव सांगावे लागत नाही. आरोळे दांपत्यानेही दुष्काळात विंधन विहिरी घेताना त्या दलित वस्तीच्या बाजूस व्हाव्यात असे पाहिले. मग तहानेपुढे इतरांस तेथे जाणे भाग पडले. जेथे एका वस्तीचे पाणी दुसरीस वर्ज्य असते, तेथे हापसाही कोणा एकाचा होऊन बसतो, आणि मोडल्यावर मग कोणाचाच राहत नाही. शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचणाऱ्या आमच्या मंडळ्या ह्या दोषापासून अगदी मुक्त आहेत, असे छातीवर हात ठेवून आम्हांस म्हणता येत नाही.

आता संडासाविषयी. हा विषय उपासनागृहात काढू नये असे काही वडीलधाऱ्यांस वाटते. परंतु अनुवादाच्या २३ व्या अध्यायात छावणीबाहेर खणून झाकण्याचा नियम आहेच, तेव्हा आम्ही संकोच करीत नाही. पुण्याहून जवळच देहू आहे. तेथे १९६० च्या दशकात डॉ. सुहास विठ्ठल मापुसकर हे सरकारी वैद्य म्हणून काम करू लागले. जंत आणि जुलाब ह्यांच्या गोळ्या देऊन उपयोग नाही, गाव उघड्यावर बसते तोवर रोग फिरून येणार, हे त्यांनी ओळखले. ठरीव नमुन्यावरून त्यांनी बांधविलेले पहिले संडास पावसाळ्यात खचले. ह्यावर दुसरा कोणी बदली मागून गेला असता. डॉक्टर तेथेच राहिले. कोकणात अप्पासाहेब पटवर्धनांनी भंगीमुक्तीसाठी जे साधे संडास करून दाखविले होते, त्यांचा त्यांनी अभ्यास केला. लोकांशी वर्षानुवर्षे बोलत राहिले. मैल्यापासून जळणाचा वायू देणारा संडास रचला. आणि पुढे देहूत अप्पासाहेबांच्याच नावाने सफाईचे शिक्षण देणारी संस्था काढली. त्यांच्या मृत्यूनंतर २०१७ साली सरकारने त्यांस पद्मश्री दिली. एका गावाची सवय बदलण्यास एका माणसाचे जवळजवळ सारे आयुष्य लागले. सहा महिन्यांत गाव स्वच्छ करून फलक लावणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

ज्यांच्या घरी दोन खड्ड्यांचा संडास आहे त्यांनी एवढे शिकून ठेवावे : एक खड्डा भरला की पाण्याची वाट दुसऱ्याकडे वळवावी, आणि भरलेला खड्डा निदान वर्ष-दीड वर्ष झाकून ठेवावा. मग त्याचे निर्गंध खत होते. ते काढण्यास कोणा मनुष्यास हीन कामास जुंपावे लागत नाही. दोन्ही खड्डे एकदम चालू ठेवले तर मात्र हा लाभ नाहीसा होतो, आणि पुष्कळ ठिकाणी गवंडीच ही चूक करून जातो. पिण्याच्या विहिरीपासून खड्डा निदान पन्नास फूट दूर असावा.

पुष्कळ वाचक म्हणतील, आता आमच्या गावी नळ आला. आनंद आहे. २०१९ पासून जलजीवन मिशनखाली घरोघर नळ देण्याचे काम चालले आहे. पण नळ आला म्हणजे राखण संपली असे नव्हे. पुणे शहराच्या कडेस नांदेड, किरकटवाडी ही गावे २०२१ साली महापालिकेत आली. २०२५ च्या जानेवारीत त्याच भागात सिंहगड रस्त्यालगत हातापायांतील शक्ती जाण्याचा गुलेन बारे नावाचा विकार पसरला. पुणे परिसरात दोनशेंहून अधिक रुग्ण झाले व काही दगावले. कित्येक रुग्णांच्या शौचात कॅम्पिलोबॅक्टर नावाचा जंतू सापडला, आणि संशय पिण्याच्या पाण्याकडे गेला. तेथेही नळ होते.

म्हणून गावाने आपले पाणी आपण तपासावे. ग्रामपंचायतीकडे टीसीएल पावडर असते, आणि ती टाकण्यास जलसुरक्षक नेमलेला असतो. ही पावडर उघड्या पोत्यात, ओलीत ठेवली तर तिचा जोर जातो, मग कितीही टाकली तरी नुसता चुना. पाण्यात टाकल्यावर निदान अर्धा तास जाऊ द्यावा. नंतर नळाच्या शेवटच्या घरी, टाकीजवळच्या नव्हे, ओटी चाचणी करावी. पाण्यास पिवळी छटा आली तर औषध तेथवर पोचले. दुसरी एक छोटी बाटली मिळते, जिचा शोध ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी १९८२ साली लाविला. तीत पाणी भरून उबेत एक-दोन दिवस ठेवावे; काळे झाले तर त्यात मैल्याचा अंश आहे असे समजावे. ही काळी बाटली आम्ही एका मंडळीत उपासनेनंतर सर्वांपुढे ठेविली होती. आमच्या अर्ध्या तासाच्या प्रवचनाने जे झाले नसते ते तिने केले. त्या दिवशी घरी जाऊन बायकांनी माठ घासले आणि ओगराळी आणविली. जलजीवन मिशनखाली प्रत्येक गावातील पाच स्त्रियांस अशा तपासणीचे शिक्षण द्यावयाचे असते. आपल्या गावच्या पाच कोण, हे विचारून घ्यावे. ग्रामपंचायतीस पाण्याच्या पाहणीवरून लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड मिळते. तेही पाहावयास मागावे, त्यात भिण्यासारखे काही नाही.

आणि भाजी घेऊन मार्केट यार्डास जाणाऱ्यांस एक विनंती. जुड्या ताज्या दिसाव्यात म्हणून त्या गावच्या नाल्यात बुचकळून गाडीत भरू नयेत. ती कोथिंबीर कोणाच्या तरी ताटात कच्ची पडते.

ह्या पाठावर पुढील बुधवारच्या सभेत चर्चा करावी. पुढाऱ्याने प्रश्न पुस्तकातून न विचारता असे विचारावे : आपल्या हापशाचे किंवा टाकीचे कुलूप उघडण्याची किल्ली कोणाकडे आहे? तो मनुष्य बाहेरगावी गेला तर दुसरा कोण? वायसर बदलताना आपल्यापैकी कोणी शेवटचा पाहिला? टीसीएलचे पोते कोठे ठेविले आहे, आणि त्याचे तोंड बांधलेले आहे काय? मुलास जुलाब झाल्यास मीठ-साखरेचे प्रमाण किती, हे सभेतील सर्वांत धाकट्या सुनेस विचारावे, सासूस नव्हे. आणि ज्या प्रश्नाचे उत्तर कोणासच आले नाही, तो कागदावर लिहून सोमवारी ग्रामपंचायतीत घेऊन जावा. दोघांनी जावे, आणि त्यांतील एक स्त्री असावी.